घरच्या लांकडांतले चोर

संस्कृतांत 'घुणाक्षर' नांवाचा एक न्याय आहे. लांकूड पोखरणारा घुण आपल्या वाटेनें कुरतडीत जातो आणि एखादे वेळीं त्याच्या रेघोट्यांतून अक्षरासारखी आकृति उमटते. किड्यास अक्षरज्ञान नसतें, तें अक्षर केवळ योगायोगाचें असतें. आम्हीं हा न्याय चौतीस वर्षें शाळेंत मुलांस समजावून दिला. परंतु घुण म्हणजे नेमका कोणता प्राणी, तो दिसतो कसा आणि खातो काय, असें एखाद्या विद्यार्थ्यानें विचारलें असतें तर आम्हांस उत्तर देतां आलें नसतें. सुदैवानें कोणी विचारलें नाहीं. पुढें मात्र आमच्या घरानेंच तो प्रश्न विचारला, आणि आमच्या अज्ञानाची किंमत सगळ्या कुटुंबास भरावी लागली.

आमचें मूळ घर रत्नागिरी जिल्ह्यांतलें. चौपाखी, कौलारू, शंभरीच्या आसपास पोंचलेलें. आम्ही तिघे भाऊ. दादा घरींच राहतात, आम्ही व धाकटे बंधु शहरांत. पण मे महिन्यांत आणि गणपतीस सगळें कुटुंब तेथें एकत्र येतें. चार वर्षांपूर्वीं वैशाखांत घरच्या एका बटूची मुंज तेथेंच करावयाची ठरली. पाहुण्यांस उकाडा नको म्हणून माजघराच्या मधल्या तुळईस विजेचा पंखा टांगला. दुसऱ्या दिवशीं सकाळीं पाहतों तों पंख्याखालीं फरशीवर पिवळसर पिठाची रांगोळी पडलेली! वहिनींनीं केर काढला. संध्याकाळीं पुन्हां तेवढेंच पीठ. विजेरी धरून पाहिलें तर तुळईच्या एका कडेनें टांचणीच्या डोक्याएवढीं शेंकडों छिद्रें दिसलीं.

तालुक्याच्या गांवाहून एक कंत्राटदार बोलावला. त्यानें खालूनच मान वर करून पाहिलें, खिशांतून मोबाइल काढून हिशेब केला आणि निकाल दिला कीं, लांकूड संपलेलें आहे, छप्पर उतरवून स्लॅब टाकल्याखेरीज गत्यंतर नाहीं. आंकडा लाखांचा होता. "अण्णा, एवढे पैसे घालण्यापेक्षां विकून टाकूं या," असें धाकटे बंधु म्हणाले. दादा कांहींच न बोलतां उठून ओटीवर जाऊन बसले. मुंज दोन दिवसांवर आलेली, आणि घरांत वाटणीची भाषा सुरू झाली! चिमूटभर पिठानें तीन भावांत असें अंतर पाडावें, हें आज आठवलें तरी मनास लागतें.

मुंजीचे पाट नीट करून देण्यास पंचक्रोशींतले एक वृद्ध सुतार आले होते. त्यांच्या कानांवर ही गोष्ट गेली. त्यांनीं शिडी मागितली, वर चढून तुळईवर बोटानें टकटक केलें आणि आम्हांस वर बोलावून हातांत दाभण दिला. "मास्तर, टोंचा." तुळईच्या कडेच्या पांढुरक्या पट्ट्यांत दाभण लोण्यांत जावा तसा गेला, परंतु बोटाच्या दोन पेरांवर जो अडला तो हातोडीनेंहि पुढें जाईना. सुतार म्हणाले, "कीड जेवून केव्हांच उठून गेली. पंख्यानें ताट हालवलें म्हणून आतां उष्टें सांडतें आहे."

हें पुढें आम्हीं पुस्तकांशीं ताडून पाहिलें. झाडाच्या खोडांत दोन प्रकारचें लांकूड असतें. मधला गाभा गडद व घट्ट. सालीकडचा पट्टा पांढरा. झाड जिवंत असतांना त्या पट्ट्यांतून रस वाहतो आणि तेथेंच झाड आपल्या पिठूळ अन्नाचा सांठा ठेवतें. 'लिक्टस' नांवाचा भुंगेरा या पिठावर टपलेला असतो. तो तांबूस तपकिरी, ३ ते ७ मिलिमीटर लांबीचा, अंगानें अरुंद असतो. त्याची मादी आधीं लांकडास दांत लावून चव पाहते, आणि पीठ पुरेसें असेल तरच उघड्या रंध्रांत अंडीं घालते. अळी आंत भुयारें काढीत राहते, वरचा पापुद्रा मात्र शाबूत ठेवते. साधारण वर्षभरानें, उष्ण हवेंत त्याहून लवकरहि, ती भुंगेरा होऊन १ ते २ मिलिमीटरचें गोल भोंक पाडून बाहेर पडते. म्हणजे आपल्यास दिसणारें छिद्र ही चोराच्या शिरण्याची वाट नव्हे. तो निघून गेल्याची ती खूण. सागाच्या गाभ्यांत एक तर हें पीठ नसतें, आणि शिवाय किड्यांस न मानवणारीं द्रव्यें असतात. म्हणून आमच्या तुळईचा पांढरा काठ तेवढा गेला आणि भार वाहणारा गाभा जसाच्या तसा राहिला. जुन्या लांकडांतील पिठूळ अंश काळानें ओसरतो, तेव्हां बहुधा आमच्या आजोबांच्या हयातींतच हें भोजन उरकलेलें असावें.

लिक्टसच्या भुग्याची ओळख अगदीं सोपी आहे. तो चिमटींत घेऊन चोळावा. तोंडास लावावयाच्या पावडरीसारखा मऊ लागतो, कण असा हातास लागत नाहीं. चोळतांना खरखर लागली तर चोर दुसरा समजावा.

तुळईचा निवाडा झाल्यावर आम्ही आनंदानें खालीं उतरलों. परंतु सुतारांचें लक्ष देवघराच्या चौकटीकडे गेलें होतें. त्यांनीं बोटाच्या पेरानें वरपासून खालपर्यंत ठोकून पाहिलें. वर 'टक् टक्' आवाज येत होता, गुडघ्याच्या खालीं तो एकदम रिकाम्या डब्यासारखा झाला. त्यांनीं अंगठा दाबला, आणि अंगठा रंगासकट आंत गेला.

येथें आमचा अपराध सांगणें प्राप्त आहे. ही चौकट मूळची नव्हे; पंचवीस वर्षांपूर्वीं स्वस्त मिळाली म्हणून आम्हींच ती आंब्याच्या लांकडाची बसविली होती. त्या वैशाखाच्या आधीं दोन वर्षें तिच्या पायथ्याशीं पेन्सिलीएवढी जाड अशी मातीची एक रेघ वर चढलेली आम्हीं स्वतः पाहिली होती. ती फडक्यानें पुसली, वर तेलरंगाचे दोन जाड हात दिले, आणि चौकट कशी नवी झाली म्हणून घरच्या मंडळींस दाखविलीहि. त्या रंगाच्या आड वाळवी निर्धास्तपणें जेवीत होती. चौकटीला लागून भिंतींत एक फडताळ होतें. त्यांत तीर्थरूपांनीं स्वहस्तें उतरलेल्या पोथ्या आणि घरांतील चार पिढ्यांच्या जन्ममृत्यूंची वही होती. फडताळ उघडलें तेव्हां पोथ्या रांगेनें उभ्याच होत्या. वही हातांत घेतली तों पुठ्ठा तेवढा हातीं आला. आंत नुसती माती. दादा आम्हांस एक शब्द बोलले नाहींत. बोलले असते तर बरें झालें असतें.

जेथें धोका नव्हता तेथें आम्ही छप्पर उतरवावयास निघालों होतों, आणि जेथें चोर बसला होता तेथें त्याच्या तोंडावर रंग देऊन स्वस्थ बसलों होतों. कीड लागली, एवढ्या एका शब्दांत सगळे चोर गोळा केले म्हणजे असें होतें. म्हणून प्रत्येकाची चाल निरनिराळी ओळखली पाहिजे.

वाळवीस इंग्रजींत 'पांढरी मुंगी' म्हणण्याची पद्धत पडली, पण ती मुंगी नव्हे. शास्त्रज्ञ तिला झुरळाच्या कुळांत घालतात. संस्कृतांत तिला उपदीका म्हणतात. नागपंचमीस आपण ज्या वारुळाची पूजा करितों तें बांधणारी हीच. नाग तेथें बिऱ्हाडकरू. जमिनींतल्या वाळवीस ओल लागते, उजेड व कोरडी हवा सोसत नाहीं. म्हणून ती मातीची नळी बांधून तिच्या आंतून ये-जा करते. तिच्या कामांत भुगा पडत नाहीं. लांकडाचा मऊ भाग शिरेशिरेनें खाऊन वरचा पापुद्रा व रंग ती तसाच ठेवते, आणि पोकळींत माती भरते. मातीची नळी दिसली तर ती लगेच पुसूं नये. मध्यें बोटभर मोडावी आणि दोन-तीन दिवसांनीं पाहावें. डागडुजी झालेली दिसली तर वस्ती चालू आहे. न झाली तरी खात्री मानूं नये, कारण ती वाट सोडून दुसरी धरल्याचीं उदाहरणें पुष्कळ. पहिल्या पावसानंतर दिव्याभोंवतीं जे पंखांचे किडे गर्दी करितात आणि सकाळीं ज्यांच्या पंखांचा खच पडतो, ते वाळवीचे राजा-राणी. पंखांच्या मुंग्याहि याच दिवसांत निघतात, तेव्हां भिंगाखालीं धरून पाहावें. मुंगीची कंबर बारीक, मिशा कोपरासारख्या वांकलेल्या आणि पुढचे पंख मागच्याहून मोठे. वाळवीस कंबर अशी नाहीं, मिशा सरळ मण्यांच्या माळेसारख्या आणि चारहि पंख सारखे. असे पंख बाहेरच्या दिव्याखालीं पडले तर चिंता नको. बंद खोलींत उंबऱ्याशीं किंवा खिडकीच्या कडेस सांपडले तर वस्ती घरांतच आहे असें धरून चालावें.

समुद्राकांठच्या लोकांस आणखी एका वाळवीचा उपद्रव आहे. ती जमिनीशीं संबंधच ठेवीत नाहीं. खुर्चीच्या पायांत अथवा कपाटाच्या फळींत सगळें गोकुळ नांदतें, आणि मातीची नळी दिसत नाहीं म्हणून कोणास संशय येत नाहीं. हिची खूण म्हणजे तिची विष्ठा. लहानशा छिद्रांतून ती वेळोवेळीं बाहेर लोटली जाते आणि खालीं खसखशीसारखी रास दिसते. भिंगांतून पाहिलें तर प्रत्येक दाण्यास सहा बाजू, जणूं सोनारानें पैलू पाडले आहेत! हा सहा बाजूंचा दाणा आम्हीं प्रथम पाहिला तेव्हां, खरें सांगावयाचें तर, चोराविषयींचा राग क्षणभर विसरलों.

ज्या भुग्यांत खरखर लागते आणि छिद्रें ३ ते ६ मिलिमीटरचीं असतात, तो उद्योग लिक्टसच्या जाड चुलतभावांचा. आंबा, सावर अशा हलक्या लांकडाच्या खोक्यांत ते हटकून असतात. त्यांतलाच एक बारीक भुंगेरा बांबूवर तुटून पडतो. टोपल्या, सुपें, मांडवाचे वासे यांखालीं जो भुगा सांचतो तो त्याचा. आमच्याकडे बांबू वद्य पक्षांत तोडावा आणि कांहीं आठवडे वाहत्या पाण्यांत बुडवून ठेवावा असा जुना परिपाठ आहे. पाण्यांत राहिल्यानें बांबूंतील पीठ व साखर कमी होते आणि किड्याचा शिधाच तुटतो, हें प्रयोगानें ठरलेलें आहे. तिथीचा गुण किती हें ज्यानें त्यानें पाहावें. आमच्या मतें पाण्याचें पारडें जड.

छिद्र वाटोळें नसून लांबट, दाण्यासारखें असेल, आणि रात्रीं निजानीज झाल्यावर लांकडांतून कुरकुर ऐकूं येत असेल, तर तो लांब मिशांचा भुंगेरा. आपल्या देशांत या जातींतला 'स्ट्रोमॅशियम बार्बेटम' हा वाळलेल्या लांकडांतच अंडीं घालतो आणि शेंकडों जातींचीं लांकडें त्यास चालतात. देहराडूनच्या वन संशोधन संस्थेंतील सी. एफ. सी. बीसन यांनीं १९४१ सालीं भारतीय वनकीटकांवर जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत अशा किड्यांचीं चरित्रें सविस्तर आलीं आहेत. याची अळी आंत कित्येक वर्षें काढते. त्यामुळें कपाट विकत घेऊन बरेच दिवस लोटल्यावर एके दिवशीं चकचकीत पॉलिश फोडून भुंगेरा बाहेर येतो, आणि बिचाऱ्या सध्यांच्या सुतारावर आळ येतो.

राहिला भ्रमर. अर्ध्या इंचाचें, गिरमिटानें पाडल्यासारखें गोल भोंक पाख्याच्या वाशाला खालच्या बाजूनें दिसलें आणि जवळ काळा, निळसर पंखांचा मोठा भुंगा गुणगुणत असला, तर भिण्याचें कारण नाहीं. लांकूड हें त्याचें अन्न नव्हे. मध आणि पराग खाऊन तो राहतो, लांकूड फक्त पिलांच्या कोठड्यांसाठीं कोरतो. लांकूड भेदणारा भ्रमर कमळाच्या कोशांत मात्र प्रेमानें कोंडून घेतो, ही संस्कृत कवींची कल्पना प्रसिद्ध आहे. कमळाचें आम्हांस ठाऊक नाहीं, पण लांकडाचें त्यांनीं नीट पाहिलें होतें खास. पिलें उडून गेलीं कीं भोंकें खुंटीनें बुजवून वाशास रंग द्यावा. वर्षानुवर्षें त्याच वाशांत नवीं बिऱ्हाडें होऊं दिलीं तर वासा दुबळा होतो.

चोर ओळखल्यावर दुसरा प्रश्न असा कीं, तो आंत आहे कीं गेला. जुन्या भुयारांतला भुगा धक्का लागला म्हणजे कित्येक वर्षें गळत राहतो, तेव्हां केवळ भुग्यावर भरंवसा ठेवूं नये. ताज्या छिद्राची कड धारदार आणि आंतलें लांकूड नवें, उजळ दिसतें. जुन्याची कड काळवंडलेली, तोंडाशीं धूळ व जाळीं. आम्हीं सुतारांच्या सांगण्यावरून तुळईचीं सगळीं छिद्रें पेन्सिलीनें वेढलीं, पंखा काढून टाकला, आणि माळ्यावरून दोऱ्यांनीं तुळईखालीं काळा कागद टांगून त्यावर तारीख लिहिली. वेढ्याबाहेर नवें छिद्र दिसलें तर कीड जिवंत. भुंगेरे उष्ण दिवसांत निघतात, म्हणून निदान दोन उन्हाळे पाहिल्याशिवाय निकाल देऊं नये.

उपायांविषयीं पुष्कळ गैरसमज आहेत. रॉकेल चोपडल्यानें पृष्ठभागाचे किडे मरतात, आंतल्या अळीस त्याची वार्ता लागत नाहीं. शिवाय कौलारू घरांत आगीचें भय वेगळेंच. लिक्टसवर टाकणखार व बोरिक आम्ल यांचें पाणी उपयोगी पडतें, पण तें उघड्या लांकडांतच मुरतें. रंग किंवा पॉलिश आधीं खरवडलें पाहिजे, आणि काम होईपर्यंत मुलांस दूर ठेविलें पाहिजे. उलटपक्षीं, नव्या निर्दोष लांकडाचीं रंध्रें पॉलिशनें आधींच बुजलीं तर लिक्टसला अंडीं घालावयास जागा राहत नाहीं. परदेशांतून येणाऱ्या मालाच्या खोक्यांविषयीं २००२ सालीं आंतरराष्ट्रीय नियम झाला. त्याप्रमाणें लांकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसवर ३० मिनिटें तापवितात, आणि त्यावर गव्हाच्या लोंबीचा शिक्का व 'एच. टी.' अक्षरें मारतात. अशा फळ्यांचें सामान घेतांना तो शिक्का अवश्य पाहावा. मात्र तापविल्यानें आंतली कीड मरते. पुढें नवी लागणार नाहीं असें वचन त्यांत नाहीं.

लांकडास कायमचें औषध देण्याच्या कामीं आपल्या देशाचा वांटा मोठा आहे, हें फार थोड्यांस ठाऊक असतें. सोंटी कामेशम् या भारतीय शास्त्रज्ञानें १९३३ सालीं देहराडून येथें तांबें, क्रोमियम आणि सोमल यांचें मिश्रण शोधून काढलें. लांकडांत मुरल्यावर तें पाण्यानें सहसा धुऊन जात नाहीं. 'अस्कू' या नांवानें तें जगभर गेलें आणि असंख्य तारांचे खांब त्यानें टिकविले. पुढें सोमलाच्या भयानें अमेरिकेंत २००४ पासून घरगुती कामाच्या बहुतेक लांकडांत त्याचा वापर थांबला. घरांत मुलांचे हात लागतात तेथें तें नकोच. तसेंच वाळवीवर पूर्वीं सर्रास ओतलें जाणारें ऑल्ड्रिन भारतांत १९९६ सालीं बंद झालें. जुन्या घराच्या माळ्यावर त्याचा डबा असेल तर तो उघडूं नये, घरीं वापरूं तर मुळींच नये. जमिनींतल्या वाळवीचें काम परवाना असलेल्या जाणत्या माणसाकडून करून घ्यावें. पण त्याच्या आधीं आपलें काम आपण करावें. गळकी मोरी, भिंतीस लागून रचलेलीं जळाऊ लांकडें, मातींत टेकलेला खांब यांतलें एकहि राहिलें तर औषध व्यर्थ जातें. आमच्या देवघराच्या भिंतीपलीकडे मोरीच होती, आणि तिचा सांधा गळत होता.

मुंज ठरल्या मुहूर्तावर त्याच तुळईखालीं झाली. दादांनीं कंत्राटदारास नको म्हणून कळविलें. मोरी दुरुस्त केली, जमिनींत औषध घालविलें. देवघरास फणसाच्या गाभ्याची नवी चौकट बसविली, ती जांभ्या दगडाच्या वीतभर उंच बैठकीवर. तीर्थरूपांची वही कांहीं परत आली नाहीं. तिघां भावांस जेवढीं नांवें आणि साल आठवलीं तेवढीं नव्या वहींत लिहिलीं. दादांस सर्वांत जास्त आठवलीं, आणि तीं त्यांनीं आमच्याचकडून लिहविलीं. तुळईखालचा कागद दर पाडव्यास उतरवितों. यंदाच्या कागदावर पालीची विष्ठा, कोळ्याचें जाळें आणि चिमटींतहि न येणारा भुगा एवढेंच होतें. वेढ्याबाहेर छिद्र एकहि नाहीं.

गेल्या महिन्यांत ठाण्याच्या पुतण्यानें जुन्या बाजारांतून घेतलेल्या पलंगाखालच्या भुग्याचें छायाचित्र मोबाइलवर पाठवून विचारलें, "अण्णाकाका, हा कोणता चोर?" छायाचित्र चिमटींत धरून चोळतां येत नाहीं, पुडी पाठव म्हणून सांगितलें. पुडी परवां आली. भिंगाखालीं धरली तों दाण्यास सहा बाजू! त्यास लगेच कळविलें आहे कीं, पलंग इतर सामानापासून दूर ओढ, भुगा पूर्ण झाडून खालीं काळा कागद अंथर, आणि पुढल्या रविवारीं कागदावर काय पडलें तें पुन्हां पुडींत घालून पाठव.